एकसारख्या चुका

भिंगरीताईंचा दिवस घसरगुंडीवरून सुरू व्हायचा. लोक सकाळी पायऱ्या उतरून कामाला लागतात. ताई पायऱ्या चढून, माथ्यावर क्षणभर बसून, हात वर करून सुर्रकन खाली यायच्या आणि मग कामाला लागायच्या. पन्नाशी उलटलेली बाई, अंगाने चांगली भरलेली, कारखान्याची मालकीण. खाली वाळूत बूड टेकलं की त्या डोळे मिटून जरा वेळ तशाच बसत, जणू आत कुठेतरी काहीतरी अजून घसरतंय आणि ते तळाला लागण्याची वाट बघायला हवी. मग निकाल द्यायच्या. तिसऱ्या जोडाला टोचतंय. किंवा, कंटाळवाणी आहे, पोटात गोळा आला नाही. गोळा आला नाही म्हणजे घसरगुंडी नापास. मग कारागिरांनी कितीही हुज्जत घालू दे.

कारखाना बागेतल्या खेळण्यांचा होता. घसरगुंड्या, झोपाळे, सीसॉ, आणि चक्री. चक्री म्हणजे मधल्या खांबाभोवती गरगर फिरणारी गोल बैठक, खाली वाकवलेल्या पाइपांचे चार पाय. पोरं वर बसतात, एकजण ढकलतो, आणि थोड्याच वेळात झाडं, आया, बाकडी, सगळं एकमेकांत कालवलं जातं. ताईंच्या मते माणसाने देवाच्या वरताण केलेली ही एकच गोष्ट. बाकीची यंत्रं माणसाला कुठेतरी पोचवतात. चक्री कुठेच पोचवत नाही आणि तरी उतरताना माणूस दुसराच असतो.

फार पूर्वी, कारखाना म्हणजे नुसती एक पत्र्याची शेड होती तेव्हा, त्यांनी एक झोपाळा ठोकून, मोजून, पसंत करून पाठवला होता. रिकामा होता तोवर देखणा होता. गिऱ्हाईक बसलं आणि झोपाळ्यासकट थेट जमिनीवर आलं. लागलं काही नाही, पण गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर जो विश्वासघात उमटला तो ताईंच्या डोळ्यांसमोरून हलेना. तेव्हापासून नियम झाला: रिकाम्या खेळण्याचं माप खोटं. ताई बसल्याशिवाय टेप लावायची नाही आणि खडूने खूण करायची नाही. नवा माणूस रुजू झाला की त्याला पहिल्या दिवशी दोनच गोष्टी सांगत. संडास कुठे आहे, आणि ताई बसल्याशिवाय माप नाही.

पाइप वाकवायचं काम मामांचं. ताईंचे सख्खे मामा, आईचे धाकटे भाऊ. ताई चार वर्षांची असताना तिला खांद्यावर घेऊन गरगर फिरवणारे तेच, भिंगरी हे नाव ठेवणारे तेच, आणि पुढे तिच्याबरोबर ती शेड घेणारेही तेच. मामा पाइपात कोरडी वाळू ठासून भरायचे, म्हणजे वाकताना पाइप पिचकत नाही. दोन्ही तोंडांना लाकडी बूच. मग भट्टी. पाइप लालबुंद झाला की तो दोन खुंट्यांच्या मध्ये घालून, श्वास रोखून, अंगाचा भार हळूहळू सोडायचा. त्या श्वासावर सगळं अवलंबून. मामांना खोकला झाला की त्या दिवसांतल्या चक्र्या जराशा चपट्या निघत.

यंत्रांच्या बाबतीत ताई मुळातच उतावळ्या. नवं काही आलं की पहिला हात त्यांनी घालायचा आणि सगळ्यांच्या देखत चुकायचं, ही त्यांची रीत. रंगाचा फवारा आला तेव्हा पहिल्याच दाबाला त्यांनी स्वतःची भुवई निळी केली आणि त्या भुवईने आठवडाभर गिऱ्हाइकांशी बोलल्या. कम्प्युटर आला तेव्हा तो त्यांनी असा काही बंद केला की चालू करायला बाहेरून माणूस आणावा लागला. यात त्यांचं काही धोरण होतं असं म्हणणं म्हणजे त्यांना उगाच शहाणं ठरवणं झालं. त्यांना राहवायचं नाही, एवढंच. पण मालकीणच तोंडावर आपटतेय म्हटल्यावर बाकीच्यांची भीड चेपायची. ज्याला यंत्राची धास्ती होती तोही निळ्या भुवईकडे बघून म्हणायचा, आपल्याकडून याहून वाईट काय होणार.

शेजारच्या फाटकवाल्याचं याच्या अगदी उलट. त्याने ताईंच्या आधी मोठं यंत्र आणलं होतं आणि ते पाहुण्यांसाठी राखलेल्या कपबशांसारखं ठेवलं होतं. रोज फडकं मारायचा. कामगारांना दम भरायचा, बिघडवलंत तर याद राखा. त्यामुळे कोणी बिघडवलं नाही, कोणी चालवलंही नाही. फाटकं पूर्वी निघायची तेवढीच निघत राहिली.

तर अशा ह्या कारखान्यात एक दिवस शहरातल्या बागांचे साहेब आले. उंच, काटकुळे, आणि वाक्य पुरं करण्याच्या बाबतीत फार कंजूष. सगळ्या बागांना चक्र्या हव्यात, म्हणाले, पण त्या सगळ्या, म्हणजे एका बागेतली मोडली तर दुसऱ्या बागेतली, समजलं ना. ताईंना समजलं. एका चक्रीचा पाय दुसरीला बसला पाहिजे. मामांच्या चक्र्या सख्ख्या भावंडांसारख्या होत्या. तोंडावळा एक, पण कोणाचा सदरा कोणाला येत नाही. साहेबांना जुळी हवी होती, आणि जुळी हाताने होत नाहीत. पाइप वाकवणारं यंत्र घ्यायलाच हवं होतं.

ताईंनी हे मामांना भट्टीपाशी जाऊन सांगितलं. मामांनी ऐकून घेतलं, लोखंडी सळीने कोळसा सारखा केला आणि विचारलं, "तुझं यंत्र खोकतं का गं?"

"नाही, मामा."

"मग आण. खोकणारा घरी बसतो."

आणि खरोखरच बसले. दुसऱ्या दिवशी ताई त्यांच्या घरी गेल्या. मामा खिडकीशी पाठमोरे बसले होते. मामीने ताईंना स्वयंपाकघरात ओढून नेलं आणि दबक्या आवाजात गाऱ्हाणं घातलं: सकाळपासून पडद्याच्या दांडीला बाक आलाय म्हणून मला ऐकवतायत, काल रात्री चमच्यांना ऐकवत होते, तू ह्यांना घेऊन जा नाहीतर मी तरी कारखान्यात येते. ताईंनी मामांना परोपरीने विनवलं. मामांनी एवढंच सांगितलं की तुझं चाललंय ते बरोबर आहे, मी काही रागावलो नाही. रागावलेला मामा त्यांना आजवर दरवेळी मनवता आला होता. न रागावलेल्या मामाचं काय करायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं.

त्यांना दोन्ही हवं होतं, यंत्र आणि मामा. यंत्र नाही आलं तर कारखाना शेडएवढाच राहील. मामा नाही आले तर तो वाढेल, पण मग तो दुसऱ्याच कोणाचा तरी असेल आणि आपण त्यात नोकरीला असू, असं त्यांना वाटत राहिलं.

यंत्र आलं ते दारातून मावेना. दार काढलं, तरी मावेना. भिंतीच्या चार विटा काढल्यावर ते आत आलं आणि भट्टीच्या समोर बसलं. ते चालवायला ताईंची भाची होती, बहिणीची मुलगी. यंत्रांचं शिक्षण घेऊन आलेली, पण लहानपणापासून ह्याच आवारातल्या झोपाळ्यांवर वाढलेली. पडद्यावर आकडा लिहायचा, बटण दाबायचं, की जाडजूड लोखंडी पाइप आत सरकायचा आणि थंडच्या थंड मान वाकवायचा, जणू कोणीतरी हळू आवाजात त्याला त्याचं नाव विचारलंय. वाळू नाही, आग नाही, रोखलेला श्वास नाही. ताई तोंडावर हात ठेवून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ऊठ, मला बसू दे.

त्यांचा पहिला पाइप कुत्र्याच्या शेपटासारखा झाला. दुसरा स्वतःभोवती फिरून आला आणि यंत्राच्याच खांबाला मिठी मारून बसला. तो कापून काढावा लागला. ताईंना इतकं हसू लोटलं की त्या जमिनीवर बसल्या. मग त्यांनी फर्मान काढलं की कारखान्यातल्या प्रत्येकाने एकेक पाइप वाया घालवायचा, त्याशिवाय कोणाला घरी सोडणार नाही. वेल्डरपासून झाडूवाल्या बाईंपर्यंत सगळ्यांची रांग लागली. बाईंनी नाही नाही म्हणत असा डौलदार बाक काढला की रंगकाम करणारे टाळ्या वाजवायला लागले. वेल्डरच्या शर्टाला कायम जळकी भोकं असत म्हणून त्याला ठिणगी म्हणत. त्याने इंग्रजी आठाचा आकडा काढायला घेतला आणि तो गाठ मारलेल्या नाडीसारखा निघाला. संध्याकाळी ते सगळे बिघडलेले पाइप भिंतीवर टांगले. भाची कपाळाला हात लावून म्हणाली की मावशी, हे यंत्र विकणाऱ्यांनी पाहिलं तर परत घेऊन जातील.

मग खरं काम. यंत्राला चक्रीची मापं द्यायची होती, आणि मामांची सगळ्यांत चांगली चक्री मागच्या अंगणात नमुना म्हणून उभी होती. भाचीने एक मोजणारा कॅमेरा आणला. चक्रीभोवती तो फिरवला की तिचा हुबेहूब आकार कम्प्युटरच्या पडद्यावर उभा राहायचा. कॅमेरा हातात घेऊन ती थांबली. का थांबली ते कोणाला विचारावं लागलं नाही. ताई निमूटपणे गेल्या आणि चक्रीवर बसल्या. ताई बसल्याशिवाय माप नाही. भाची त्यांच्याभोवती फिरली आणि मग पडद्यावर तिने मावशीला बोटाने पुसून टाकलं. आधी डोकं, मग खांदे, मग बाकीचं. "तू गेलीस," ती म्हणाली. ताईंना ते भारी आवडलं. त्यांनी स्वतःला पुन्हा आणायला लावलं आणि पुन्हा पुसायला लावलं.

पण माणूस पुसता येतो, वजन पुसता येत नाही. ते ज्याच्यावर पडतं त्याच्यात राहतं.

यंत्राने दिलेल्या मापाने पाय वाकवायला सुरुवात केली. भराभर, बिनबोभाट. ठिणगीने बैठका जोडल्या, पाय बोल्टने बसवले, आणि अंगणात नव्याकोऱ्या चक्र्यांची रांग उभी राहिली. ताई पहिल्या चक्रीवर बसल्या. कोणी ढकललं नव्हतं. तरी चक्री आपली आपण हळूच वळली, ताईंना एका बाजूला घेऊन गेली, खाली ठेवलं आणि थांबली.

ताईंनी पाय रेटून ती पुन्हा फिरवली. चक्रीने त्यांना वर नेलं, जरा घुटमळली, आणि परत त्याच जागी खाली आणून ठेवलं, अगदी अदबीने, जणू बाई, तुमची जागा इथे. ठिणगीला समोर बसवलं तर तो वर जाऊन लटकला आणि त्याचे पाय हवेत हलायला लागले. सगळं अंगण हसलं. दुसरी चक्री, तेच. तिसरी, तेच. चौथीपाशी हसू थांबलं, कारण उद्या साहेब येणार होते.

भाची पळत पडद्याकडे गेली आणि परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. "मावशी, ती तू आहेस."

"मी कुठे?"

"चौथ्या पायात. तू बसलीस तेव्हा तुझ्या बाजूचा पाय केसभर दबला होता. मी तुला पुसलं, पाय तसाच राहिला. यंत्राने सगळ्या चक्र्यांचा चौथा पाय दबलेला केला." आणि ती रडायला लागली.

मग ठिणगीने डोकं खाजवत कबूल केलं की पाय जोडताना त्याला दिसलं होतं, एक पाय जरा जास्त वाकलाय. पण म्हटलं कम्प्युटरने केलंय, काहीतरी हिशेब असेल.

कारखान्यातल्या लोकांनी ताईंना फार क्वचित रागावलेलं पाहिलं होतं. आता पाहिलं. चूक झाली म्हणून त्या रागावल्या नाहीत. चूक तर माझ्याच वजनाची आहे, म्हणाल्या, आणि नियमही माझाच. त्यांना राग आला तो ठिणगी गप्प बसला ह्याचा. "हे यंत्र देव नाही आणि भूतही नाही," त्यांनी सुनावलं. "नवा कामगार आहे. नवा कामगार चुकला तर तू त्याला टोकतोस की नाही? मला टोकतोस, मामाला टोकायचास, मग ह्याच्यापुढेच तुझी वाचा का बसली?" ठिणगी म्हणाला की ताई, तुम्हाला टोकलं तर तुम्ही हसता, हा हसत नाही. यावर ताईंना हसू आलं आणि राग जिथून आला तिथे परत गेला.

त्यांनी भाचीचे डोळे पुसले आणि सांगितलं, चल, परत मोज. मग त्या एक पाऊल मागे सरल्या. भाचीने कॅमेरा उचलला, ताईंकडे पाहिलं. ताई आणखी एक पाऊल मागे सरल्या आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ह्या कारखान्यात रिकाम्या खेळण्याचं माप घेतलं जात होतं, आणि ते बघताना त्यांना आपणच कुठेतरी कमी झाल्यासारखं वाटलं. पण नियम त्यांनी केला होता, तो मोडायचा तर त्यांनीच मोडायला हवा होता. यापुढे यंत्राने रिकामं मोजायचं आणि ताईंनी नंतर बसायचं, असं तिथल्या तिथे ठरलं.

पडद्यावर आकडा बदलला. एकच आकडा. यंत्राने चौथे पाय नव्याने वाकवायला घेतले आणि दुपारच्या चहाची भांडी धुऊन होईतो शेवटचा पाय बाहेर पडला. ताई हातात कप तसाच धरून उभ्या होत्या. हीच चूक भट्टीवर झाली असती तर वाळू, कोळसा, मामांची पाठ आणि सगळ्यांची तोंडं, हे सगळं सावरेतो ऋतू बदलला असता. त्यांच्या डोक्यात एकदम लख्ख झालं. यंत्र चुकत नाही म्हणून घ्यायचं असं लोक म्हणतात, ते सगळं झूट. चूक स्वस्त करतं म्हणून घ्यायचं. मात्र मालकाने ती महाग करून ठेवायची नाही. फाटकवाल्याच्या फडक्यातलं रहस्य त्यांना त्या क्षणी कळलं आणि त्यांना त्याची दया आली.

एवढ्यात फाटकातून मामा आत आले.

ठिणगीच्या तोंडात तीळ भिजत नसे. त्याने जेवायच्या सुट्टीत जाऊन बातमी दिली होती की यंत्राने गोंधळ घातलाय. मामा दाढी करून, स्वच्छ शर्ट घालून आले होते, दुसऱ्याची फजिती बघायला माणूस जसा नटून येतो तसे. ताईंनी त्यांना अंगणात नेलं. भिंतीशी काढून टाकलेले वाकडे पाय ओळीने उभे होते. एक चक्री अजून तशीच वाकडी उभी होती. तिच्या बैठकीचा रंग ओला होता म्हणून तिला हात लावला नव्हता.

मामांनी पहिल्या पायावरून हात फिरवला. मग दुसऱ्यावरून. मग तिसऱ्यावरून. ओळ संपली तेव्हा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. त्यांचं तोंड हसण्यासाठी तयार करून आणलं होतं, पण हसू येईना.

"माझ्या हातून चुका काही कमी झाल्या नाहीत," ते म्हणाले. "पण एक चूक दुसरीसारखी कधी झाली नाही. हे बघ. सगळ्या जुळ्या."

"वाईट वाटलं, मामा?"

"हेवा वाटला."

त्या वाकड्या चक्रीचा रंग तोवर वाळला होता. मामा उगाच बसल्यासारखे तिच्यावर बसले. ताई समोर बसल्या. चक्री वळली, ताई खाली गेल्या आणि मामा वर, आणि वर गेल्यावर मामांनी आपला हलका देह बाहेर झोकला. भट्टीवर पाइपाला भार देतात तसा, अगदी नेमका, अगदी हळू. चक्री चळली. ताई वर निघाल्या. मग ताईंनी अंग टाकलं. मग मामांनी. ढकलायला कोणी नाही, पाय जमिनीला नाहीत, आणि दोन म्हातारी होत चाललेली माणसं एकमेकांना आभाळात फेकत गरगर फिरायला लागली. भिंत, भाची, पाय, पत्रे, भिंत, ठिणगी, पत्रे, सगळ्याची एकच रंगीत फीत झाली. मामा हसले. हसताना खोकले. खोकल्याबरोबर चक्रीला असा काही हेलकावा बसला की ताई किंचाळल्या आणि मग दोघंही थांबवता येईना इतकं हसले.

हळू होत होत चक्री थांबली. ताई अर्थात खाली. मामा वर, तिथूनच बघत.

"मामा, परत ये."

"येऊन काय करू? ह्याला खोकायला शिकवू?"

"शिकव," ताई म्हणाल्या. "मी चेष्टा करत नाही. त्याला सांगू ते वाकवता येतं. काय वाकवायचं ते त्याला सुचत नाही. मलाही नाही सुचत. मी फक्त बसते."

खाली उतरताना मामांना भोवळ आली, तेव्हा त्यांनी ताईंचा खांदा धरला आणि जरा जास्तच वेळ धरून ठेवला. मग शर्ट झटकला, बघू म्हणाले, आणि निघून गेले. मामांचं बघू म्हणजे काय, हे ताईंना पन्नास वर्षांत उमगलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. त्यांनी एका सरळ चक्रीचा पाय काढायला लावला, दुसरीला बसवायला लावला. बसला. आणखी एक. बसला. साहेबांनी समाधानाने अर्धं वाक्य उच्चारलं. एवढ्यात मागच्या अंगणातून आरडाओरडा ऐकू आला. सुट्टी झाली होती आणि कामगार वाकड्या चक्रीवर बसले होते. भाचीने डोळ्यांनी मावशीला खुणावलं, साहेबांना तिकडे नेऊ नकोस. ताई त्यांना तिकडेच घेऊन गेल्या. ही आमची चूक आहे, त्यांनी सरळ सांगून टाकलं, आणि ती कशी झाली, कोणाच्या वजनाने झाली, तेही. साहेबांनी ताईंकडे पाहिलं, चक्रीकडे पाहिलं, आणि संकोचाने एका कडेला बसले. समोर भाची बसली.

साहेब वर गेले. साहेब खाली आले. त्यांचा चष्मा नाकावरून निसटला आणि ठिणगीने तो झेलला. त्यांच्या तोंडून एक आवाज निघाला, जो बागांच्या साहेबांच्या तोंडून निघू नये असा होता. चक्री थांबली तेव्हा ते बराच वेळ बसून राहिले, दांडा घट्ट धरून.

"ही चूक," ते शेवटी म्हणाले, "प्रत्येक बागेत एक बसेल. पण प्रत्येक बागेतली वेगळी असली पाहिजे." त्यांनी वाक्य पुरं केलेलं पाहून त्यांच्याबरोबरच्या शिपायाने चमकून पाहिलं. मग साहेबांना स्वतःचीच अट आठवली आणि त्यांचा चेहरा पडला: पण सुटे भाग, म्हणजे एकीचा दुसरीला. भाचीने तिथल्या तिथे उत्तर दिलं. तीन पाय सगळ्यांचे सारखे, चौथा तेवढा ज्याचा त्याचा.

साहेब गेल्यावर ताई त्या चक्रीच्या कडेला टेकल्या. काम मिळालं होतं, मागितलं त्याहून जास्त. आणि त्यांना उमजलं की वेगवेगळे चौथे पाय कल्पनेत वाकवू शकेल असा माणूस त्यांच्या ओळखीत एकच आहे, आणि तो बघू म्हणून गेलाय. त्यांनी मामांकडे जायला चपला घातल्या आणि काढल्या. दोनदा बोलावून झालं होतं. तिसऱ्यांदा बोलावलं तर मामा आपल्यावर उपकार म्हणून येतील, आणि उपकार करणारा माणूस यंत्राजवळ पाहुण्यासारखा उभा राहतो. ठिणगी मात्र सायकल काढून घाईघाईने कुठेतरी निघाला होता. ताईंनी त्याला कुठे चाललास असं मुद्दाम विचारलं नाही.

पुढच्या सकाळी त्या कारखान्यापाशी पोचल्या तेव्हा यंत्र आतून गुणगुणत होतं. यंत्रासमोर मामा बसले होते. अंगात भट्टीवरचा चामडी एप्रन, नाकावर मामीचा चष्मा, कारण पडद्यावरचे आकडे स्वतःच्या चष्म्यातून दिसेनात. भाची शेजारच्या स्टुलावर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती आणि तिने शिकवायचं केव्हाच सोडून दिलेलं दिसत होतं. आणि खोलीभर, दारात, दाराबाहेर, अंगणाच्या टोकापर्यंत पाइप. लाटा, कमानी, वेटोळी, लाजून मान वळवलेले, आळस देणारे, पळता पळता मागे बघणारे. साहेबांच्या कामासाठी आणलेले सगळे पाइप. कोठारात सरळ म्हणावा असा एकही उरला नव्हता.

"मामा, हे काय?"

"आकडा बदलला की बदलतं गं," मामा मान वर न करता म्हणाले, आणि त्यांचा आवाज ताईंनी लहानपणी खांद्यावर बसून ऐकला होता तसा होता. "मी थांबायचं म्हणत होतो. ही पोरगी साक्षीला आहे. मग म्हटलं आणखी एक बघू."

"दहा वेळा म्हणाले," भाची म्हणाली.

"आता ओरडायचं असेल तर ओरड, नाहीतर पाइपवाल्याला फोन कर. मला मध्येच थांबवू नकोस."

ताईंनी फोन लावला. पाइपवाल्याने नेहमीप्रमाणे विचारलं, एक गाडी ना? ताईंनी खिडकीतून अंगणाकडे पाहिलं, जिथे ठिणगी एका वेटोळ्यात पाय अडकवून उभा होता आणि झाडूवाल्या बाई त्याला सोडवत होत्या. दोन पाठवा, त्या म्हणाल्या.

"तीन," आतून मामा म्हणाले.